सर विश्वेश्वरय्या : पांझरेकाठी घडलेला इंजिनियर

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा प्रत्येक भगिनीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे अशी सूचना झाली. कोणी साने गुरुजी घेतले, कोणी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, तर कोणी रमाबाई रानडे. मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव सांगितले तेव्हा दोघीतिघींना नवल वाटले. इंजिनियरचे चरित्र बायकांच्या स्मरणिकेत कशाला, आणि तेही म्हैसूरच्या? पण माझे माहेर जळगावचे आणि सासर धुळ्याचे. उन्हाळ्यात रात्री दोन वाजता नळाची वाट पाहणे म्हणजे काय हे मला पुरते ठाऊक आहे. ज्या माणसाने सारे आयुष्य पाणी अडविण्यात, वळविण्यात आणि घरोघर पोचविण्यात घालविले, त्याचे चरित्र बायकांनी वाचावयाचे नाही तर कोणी? शिवाय या थोर पुरुषाच्या कामाची सुरुवात आपल्या खानदेशात झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून जे समजले ते सोप्या शब्दांत सांगते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात १५ सप्टेंबर रोजी झाला. हाच दिवस आपल्या देशात आज अभियंता दिन म्हणून पाळतात. घराणे तेलुगू बोलणाऱ्या ब्राह्मणांचे. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांच्या आंध्रातील गावाचे नाव. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते, पण घरात विद्या जितकी होती तितका पैसा नव्हता. त्यातच वडिलांचे छत्र लवकर हरपले. आई वेंकटलक्ष्मम्मा यांनी मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही आणि मामांनी हात दिला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना हा मुलगा एका सुखवस्तू कुटुंबातील मुलांना शिकवी आणि त्यावर आपला खर्च भागवी. दुसऱ्यांच्या मुलांची शिकवणी करून स्वतः शिकणे किती कठीण असते ते आपल्यापैकी पुष्कळजणींनी घरात पाहिले असेल. असे करून तो १८८१ साली बी.ए. झाला.

पुढे काय? पुढचे शिक्षण घ्यावयास घरी पैसा नव्हता. पण मुलाचे गणित उत्तम होते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि तो पुण्यास कॉलेज ऑफ सायन्समध्ये सिव्हिल इंजिनियरिंग शिकावयास आला. हेच ते संगमाजवळचे, भांबुर्ड्याचे प्रसिद्ध कॉलेज. १८५४ साली सरकारी बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करण्याकरिता तेथे एक साधा वर्ग सुरू झाला होता. पुढे त्याचे कॉलेज झाले, मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, आणि आज ते स्वतःच एक विद्यापीठ आहे. विश्वेश्वरय्यांच्या वेळी थिओडोर कुक हे प्राचार्य होते. हे गृहस्थ इंजिनियर तर होतेच, पण पुढे त्यांनी मुंबई इलाख्यातील सगळ्या झाडाझुडपांची माहिती देणारा मोठा ग्रंथही लिहिला.

त्या काळी सिव्हिल इंजिनियरिंगची जी परीक्षा असे तिला एल.सी.ई. म्हणत. हल्लीच्या बी.ई.सारखीच ती, पण बी.ई. हे नाव पुढे आले. गणित, जमिनीची मोजणी, पातळ्या घेणे, नकाशे काढणे, दगड-चुना-लाकूड यांची ताकद किती ते पाहणे, पाणी कोणत्या उतारावरून किती वेगाने वाहील ते काढणे, हे सारे सिव्हिल शिकणाऱ्याला यावे लागते. रस्ता, पूल, धरण, गटार आणि पिण्याचे पाणी ही पाचही कामे एकाच विद्येच्या पोटात येतात. घर चालविणाऱ्या बाईला जसे धान्य, सरपण, पाणी आणि पाहुणा यांचा मेळ एकाच वेळी घालावा लागतो, तसेच या विद्येचे आहे. विश्वेश्वरय्यांनी १८८३ साली ही परीक्षा दिली आणि साऱ्या मुंबई इलाख्यात पहिला क्रमांक मिळविला. त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले.

हा बर्कले कोण, हे जळगाव-भुसावळकडील भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे. मुंबईहून निघणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचा तो पहिला मुख्य इंजिनियर. बोरघाट आणि थळघाट फोडून रेल्वे वर देशावर आणण्याची आखणी त्याची. थळघाट चढून आलेली तीच वाट पुढे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी आपल्या खानदेशातून गेली. आपल्याकडे आगगाडी आणणाऱ्या माणसाच्या नावाचे पारितोषिक घेतलेला विद्यार्थी लवकरच खानदेशातच नोकरीस यावा, हा मोठाच योग म्हणावयाचा.

पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियरची जागा मिळत असे. त्याप्रमाणे १८८४ साली विश्वेश्वरय्या नोकरीस लागले. आधी थोडे दिवस नाशिककडे आणि मग खानदेशात. त्या वेळी पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश असे दोन भाग नव्हते. ती वाटणी १९०६ सालची. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एकच मोठा जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. चाळीसगावहून धुळ्यास रेल्वेचा फाटा आला तो १९०० साली. तेव्हा हा तेवीस-चोवीस वर्षांचा परमुलखातील तरुण बैलगाडीने किंवा टांग्यानेच आपल्या गावात आला असला पाहिजे. परका मुलूख, ऊन कडक आणि साहेब इंग्रज. कॉलेजातील पहिला नंबर येथे काय कामाचा, हे आता ठरावयाचे होते.

त्यांच्याकडे आलेले पहिले अवघड काम साक्री तालुक्यातील दातर्ती गावचे. शेतीच्या पाटाचे पाणी नदीच्या पात्रापलीकडे न्यावयाचे, आणि तेही नळातून. याला सायफन म्हणतात. हे काय असते ते सांगते. घर बांधताना गवंडी दोन भिंतींची पातळी पाहण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळी मध्ये कितीही खाली लोंबली तरी दोन्ही टोकांचे पाणी सारख्याच उंचीवर राहते. आता एक टोक थोडे खाली धरले तर पाणी तेथून आपोआप बाहेर पडते. पाटाचे पाणी नदीकाठी आले की ते नळात सोडावयाचे, नळ नदीच्या तळाखालून न्यावयाचा, आणि पलीकडच्या काठावर थोड्या खालच्या पातळीला तो पुन्हा वर काढावयाचा. पंप नको, मोट नको. पाणी आपल्याच भाराने उतरते आणि आपल्याच भाराने चढते.

कागदावर हे सोपे आहे. पण आपली पांझरा कागदावर वाहत नाही. जानेवारीत तिच्यात लेकरे चेंडू खेळतात आणि श्रावणात ती दोन्ही काठ खाते. १८७२ साली तिला जो पूर आला त्यात धुळ्यातील शेकडो घरे वाहून गेली. अशा नदीच्या तळाशी खोदकाम करावयाचे आणि त्यात पावसाळा तोंडावर. खोदलेला चर एका पुराने वाळूने भरून जाणार, केलेली मजुरी पाण्यात जाणार, हे या तरुणाने ओळखले. त्याने वरिष्ठ साहेबाला लिहून कळविले की हे काम पावसाळ्यानंतर करावे. साहेबाला ते रुचले नाही. कालचा पोरगा आपल्याला शिकवितो, हुकूम पाळावयास का कू करतो, असे त्याला वाटले.

येथे त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे आपलेच खरे म्हणून हटून बसणे. दुसरी म्हणजे भिऊन गप्प राहणे आणि मनातल्या मनात कुढत काम करणे. विश्वेश्वरय्यांनी दोन्ही टाळल्या. आपले मत काय आहे ते स्वच्छ लिहिले, आणि हुकूम कायम राहिला तेव्हा काम अंगावर घेतले. पुराने आणि वाळूने त्रास द्यावयाचा तो दिलाच. पण काम त्यांनी सोडले नाही, आणि पाऊस सरल्यावर ते तडीस नेले. मग साहेबाचा रागही उतरला. आपला हाताखालचा माणूस आळशी किंवा उर्मट नसून त्याला नदी कळते, हे त्याला दिसून आले.

मला या सबंध चरित्रातील हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे धरणे बांधणारे, दिवाण झालेले, सर पदवी मिळालेले विश्वेश्वरय्या आपल्याहून फार उंचावर आहेत. पण वडीलधाऱ्यांना न पटणारी खरी गोष्ट नम्रपणे सांगणे, आणि सांगून झाल्यावर कामात कसूर न करणे, ही परीक्षा आपल्या सगळ्यांनाच रोज द्यावी लागते. सुनांना तर विचारूच नका! कॉलेजाने त्यांना परीक्षा पास केली. इंजिनियर केले ते आपल्या पांझरेने.

धुळे शहराच्या पाणीपुरवठ्याचे कामही त्यांच्या खानदेशातील नोकरीत त्यांच्याकडे होते. येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. धुळ्याच्या सरळ रेषेतील गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या असे आपल्याकडे पुष्कळजण सांगतात. पण त्या गल्ल्यांची आखणी कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली, म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या जन्माच्या चाळीसेक वर्षे आधी केलेली आहे. थोर माणसाला दुसऱ्याचे श्रेय देऊन तो अधिक थोर होत नाही. त्यांचे आपल्याकडील काम गल्ल्यांत शोधू नये, पाण्यात शोधावे.

खानदेशातून ते पुण्याकडे गेले आणि तेथे न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात आले. रानडे स्वतः १८७९ साली धुळ्यास बदलून आले होते आणि रमाबाईही त्यांच्याबरोबर येथे राहिल्या होत्या. दोघांचाही आपल्या गावाशी संबंध पाच वर्षांच्या अंतराने आला, हे वाचून मला फार बरे वाटले.

पुढील कामांची यादी मोठी आहे, म्हणून मुख्य तेवढीच सांगते. १८९४-९५ साली सिंधमधील सक्कर गावास त्यांनी पिण्याचे पाणी दिले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्याची मोठी टाकी बांधावयास नगरपालिकेकडे पैसा नाही. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खणविली. वाळूतून झिरपून आलेले पाणी आपोआप स्वच्छ झाले. आपल्याकडील बाया उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरतात, त्यातीलच ही युक्ती, मोठ्या प्रमाणावर केलेली. अडाणी म्हणून ज्या गोष्टी आपण टाकून देतो त्यांत किती शास्त्र असते पाहा.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावरून दर पावसाळ्यात जास्तीचे पाणी वाहून जाई. धरणाची भिंत उंच करावयाची तर खर्च फार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसविले की पाणी ठराविक पातळीपर्यंत साठावे, त्यावर गेले की दरवाजे आपोआप उघडावे, आणि उतरले की मिटावे. हे काम १९०३च्या सुमारास झाले. भिंत होती तेवढीच राहिली आणि तलाव मात्र मोठा झाला. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण चुलीजवळ उभ्या राहतो. त्यांनी उभे राहणारे दरवाजेच करून ठेवले.

१८९९च्या सुमारास त्यांनी दक्षिणेतील कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचविली. त्यापूर्वी कालव्याजवळचे थोडे लोक भरमसाट पाणी घेत, जमिनी पाणथळ होत आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नसे. गावोगावची चांगली जमीन गटांत वाटावी, पिकांची पाळी ठरवावी आणि पाणी मोजून, वेळेवर द्यावे, म्हणजे पुष्कळ गावांना लाभ होईल, असा त्यांचा विचार. आता आपल्या पांझराकाठची फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालच्या शेतीचे तीन-चार फड करावयाचे, एका फडात एकच पीक, दरसाल पिकांची अदलाबदल, आणि पाटकऱ्याने पाणी पाळीने द्यावयाचे. शेकडो वर्षे आपले शेतकरी हे करीत आले. दोन्ही पद्धतींत किती सारखेपणा आहे! खानदेशात नोकरी केलेल्या माणसाने हे फड डोळ्यांनी पाहिलेच असतील असे माझे मन मला सांगते.

सरकारी नोकरीत वरच्या जागा इंग्रजांनाच मिळत. पंचवीसएक वर्षे नोकरी झाल्यावर, १९०८ साली त्यांनी ती सोडावयाचे ठरविले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीचा भयंकर पूर आला आणि हजारो माणसे बुडाली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलाविले. त्यांनी सांगितले की शहराच्या वर धरणे बांधून पूर अडवावा. त्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. पूर अडला आणि शहराला प्यावयास पाणीही झाले.

मग म्हैसूरने आपल्या मुलाला परत बोलाविले. १९०९ साली ते संस्थानचे मुख्य इंजिनियर झाले. १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम निघाले. ते सिमेंटचे नाही, चुना आणि विटांची भुकटी यांच्या सुर्खीत बांधलेले आहे. पुरे व्हावयास वीस वर्षे लागली. आज मंड्याकडील हिरवी शेते त्या पाण्यावर उभी आहेत. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते दिवाण होते. पद घेण्यापूर्वी त्यांनी नातलगांना जेवावयास बोलावून कोणीही आपल्याकडे वशिला मागू नये असे बजावले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या कारकिर्दीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि १९१७ साली बंगळूरला इंजिनियरिंग कॉलेज सुरू झाले. स्वतःला शिकावयास परमुलखात, पुण्यास जावे लागले. आपल्या मुलखातील मुलांना घरच्या घरी शिकता यावे याची सोय त्यांनी केली. शिष्यवृत्तीचे ऋण असे फेडले.

म्हातारपणीही ते स्वस्थ बसले नाहीत. नव्वदी गाठल्यावर बिहारमध्ये गंगेवर मोकामे येथे पूल कोठे बांधावा याचा विचार करणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले, म्हणजे आपल्या महर्षी कर्व्यांच्या तीन वर्षे आधी. शंभरी पाहून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला. जन्मगावी मुद्देनहळ्ळीलाच त्यांची समाधी आहे.

आता जे मनात आहे ते लिहिते. माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला बारावीत चांगले गुण पडले आणि तिने सिव्हिल इंजिनियरिंग मागितले. घरात मोठा वाद झाला. सिव्हिल म्हणजे ऊन, धूळ, गवंडी आणि मजूर. मुलीच्या जातीला ते शोभते का? कॉम्प्युटर घे, सावलीत बसशील, असे सर्वांचे म्हणणे. मुलीने आवाज चढविला नाही. एका वहीत तिने लिहून आणले की ही विद्या काय आहे, खर्च किती, गावातल्या गावात राहून शिकता येईल का, आणि पुढे काय करावयाचे आहे. आजोबांनी ती वही दोन दिवस जवळ ठेवली आणि मग होकार दिला. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हात दुर्बीण लावून जमिनीची पातळी घेते आणि घरी आली की भूक भूक करते.

मुलींनी हे शिकावे यात नवे काही राहिलेले नाही. आपल्या महाराष्ट्रातील शकुंतलाबाई भगत १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून सिव्हिल इंजिनियर झाल्या. देशातील सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनियरांत त्यांचे नाव घेतात. त्यांनी पतीच्या जोडीने पोलादी पूल बांधण्याची नवी रीत काढली, आणि तशा पुलांवरून डोंगराळ मुलखात माणसे जा-ये करू लागली. शकुंतलाबाईंच्या काळी आपल्याकडील मुलीला अशा शिक्षणासाठी दूरचे शहर गाठावे लागे. आज जळगावातही इंजिनियरिंगचे कॉलेज आहे आणि धुळ्यातही. अडचण अंतराची उरलेली नाही, ती आपल्या मनाची आहे.

पाणी भरणे हे बाईचे काम आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानले. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि पाणी कधी येणार हे ठरविणारा मात्र दुसराच कोणी. पाण्याचे दुःख जिला कळते तिच्याच हातात पाण्याची विद्या आली तर ते काम किती जिव्हाळ्याने होईल! म्हणून माझी मंडळास विनंती आहे की येत्या १५ सप्टेंबरला आपण आपल्या भागातील सिव्हिल शिकणाऱ्या मुलींना बोलवावे, त्यांची ओटी भरावी, आणि नववी-दहावीच्या मुलींना त्यांच्याशी मोकळेपणी बोलू द्यावे. त्यांच्या आयांनाही अवश्य बोलवावे, कारण होकार बहुधा त्यांच्याकडूनच यावयाचा असतो. खर्च थोडा आहे. हळदीकुंकवाला आपण जेवढा करतो त्याहून जास्त नाही.